तिचा हात हळू नव्हता

कनेरगाव नाक्यावर, वाशिम रोडला आमचं एक छोटं दुकान आहे. शटरवर अजून 'ऑनलाईन फॉर्म, झेरॉक्स, सातबारा' असं लिहिलेलं आहे, रंग बराच उडाला आहे. आत एक टेबल, टेबलावर जुना कॉम्प्युटर. तो चालू केला की हिरवी टेकडी आणि वर निळं आभाळ असं चित्र येतं. त्या टेबलाशी माझी बायको बसायची आणि मी झेरॉक्स मशीनजवळ उभा राहायचो. आता ती न्हाई.

मी चौथी पास. त्याच्यापुढं शाळेत गेलो ते मिस्त्री म्हणून, वर्गखोल्यांचे स्लॅब टाकायला. म्हणून हे लिहिणं कुणाला ओबडधोबड वाटलं तर वाटू द्या. मी कुणाची परवानगी मागून लिहीत न्हाई. गावात एक गोष्ट चुकीची बोलली गेली. माइकवर बोलली गेली, आणि जिच्याबद्दल बोलली गेली ती उठून जबाब देऊ शकत नव्हती तवा बोलली गेली. ती मला खोडायची होती. कशी खोडली ते सांगतो.

आधी बायकोचं सांगतो. ती दहावी पास होती, आमच्या दोघांत शिकलेली तीच. पोरगी लहान असताना तिनं हिंगोलीला जाऊन कॉम्प्युटरचा क्लास केला. रोज एसटीनं जायची, रोज एसटीनं यायची. लोक हसले. मी म्हणलो, हसू दे. माझी कंबर गेली, स्लॅबचं काम सुटलं, तवा तिच्याच शिक्षणावर आमी हे दुकान टाकलं. शिष्यवृत्तीचे फॉर्म, पीक विमा, उत्पन्नाचे दाखले, सगळं ती भरायची. फॉर्म पाठवायच्या आधी गिऱ्हाइकाला मोठ्यानं वाचून दाखवायची. नाव बराबर हाय का, बापाचं नाव बराबर हाय का, जन्मतारीख बराबर हाय का. लोक म्हणायचे, वहिनी, दाबा आता. ती म्हणायची, चुकलं तर तहसीलला तुमालाच हेलपाटे पडतील. ह्याला मी हळू म्हणत न्हाई.

सुरुवातीला नाक्यावर इंटरनेट म्हणजे पाण्याचा नळ असल्यासारखं होतं, आलं तर आलं. सगळ्यांचंच हळू होतं, म्हणून कुणी कुणाला नावं ठेवत नव्हतं. मग रस्त्याच्या कडेनं ती जाड केबल आली. लोकांच्या मोबाइलवर पिक्चर धडाधड चालायला लागले. आमच्या दुकानातही केबल आली, डबी बसली, डबीवरचे दिवे लुकलुकायला लागले. आणि तिथंच घोटाळा झाला. गिऱ्हाइकाच्या हातातला मोबाइल पळून राहिला आणि आमचा कॉम्प्युटर तिथल्या तिथं. ती बटन दाबायची आणि पडद्यावर वाळूचं घड्याळ फिरत बसायचं. लोक घड्याळाकडं बघत न्हाईत. लोक समोर बसलेल्या बाईकडं बघतात.

नाक्यावर एक धाबेवाला आहे. माझ्यापेक्षा लहान, मला दादा म्हणतो, तिला वहिनी म्हणायचा. माणूस तोंडाळ, पण चार लोकांत त्याला मान आहे. त्याच्या पोरीला नर्सिंगला जायचं होतं. शेवटच्या दिवशी बापलेक आमच्याकडं फॉर्म भरायला आले. सगळं भरून झालं, वाचून झालं, फोटो आणि गुणपत्रिका जोडून झाल्या, तिनं बटन दाबलं. घड्याळ फिरलं. बराच वेळ फिरलं आणि शेवटी पडद्यावर काहीतरी इंग्रजी येऊन सगळं पुसलं गेलं. तिनं पुन्हा भरलं. पुन्हा तेच. संध्याकाळ झाली तवा ती साइटच बंद झाली. पोरगी रडायला लागली. धाबेवाला म्हणला, "वहिनी, तुमचा हात चालत न्हाई हो. सोडा हे काम आता."

ती एवढंच म्हणली, "मी तर कवाच दाबलं होतं, भाऊ."

मी त्याला तिथल्या तिथं झापलं. पण माझ्या झापण्याला आधार काय? मला त्यातलं काय कळत होतं? त्यानं मान हलवली आणि पोरीला घेऊन गेला. पोरीचं वर्ष गेलं.

त्याच्यानंतर घरी एक गोष्ट व्हायला लागली. आमच्याकडं एक मोडका कीबोर्ड पडलेला होता, कशालाच न जोडलेला. दुपारी जेवण झालं की ती तो मांडीवर घ्यायची आणि बोटं चालवायची. टकटक, टकटक. मी विचारलं, काय करून राहिलीस? म्हणली, हात मोकळा करते. मी म्हणलो, तुझा हात मोकळाच हाय. टकटक चालूच राहिली. पुढं पोटाचं दुखणं आलं, नांदेडला नेलं, आणलं, पुन्हा नेलं. अंथरुणावर पडल्यावरही चादरीवर बोटं चालायची. माझी बायको स्वतःला हळू समजत गेली. हे मी कुणाला माफ करणार न्हाई, असं तवाच ठरवलं होतं.

तेराव्याला मंडपात माइक होता. चार लोक बोलले. धाबेवालाही उठला. चांगलंच बोलायला उठला होता, तेवढं मान्य करतो. म्हणला, वहिनी गुणाची बाई, कधी कुणावर आवाज चढवला न्हाई, हात जरा हळू होता पण मन मोठं होतं. लोकांनी माना हलवल्या. एकदोघं हसलेही, मायेनं हसले. मी खाली मान घालून बसलो. तेराव्याला भांडत न्हाईत, एवढं मला कळतं.

मग दुकान बंद राहिलं. मी रोज शटर अर्धं उघडायचो, टेबल पुसायचो, कॉम्प्युटर चालू करून हिरवी टेकडी बघायचो आणि शटर लावून घरी यायचो. येडेपणा म्हणा. मला बघायची होती, मी बघत होतो.

ह्या वर्षी पोरगी आली. ती वसमतला दिलेली आहे, तिथं कॉम्प्युटरचा क्लास चालवते. आईचंच घेतलंय तिनं ते. येताना नवा लॅपटॉप घेऊन आली. म्हणली, आबा, दुकान पुन्हा चालू करू, गावातली एक शिकलेली बाई बसवू. मला बरं वाटलं. मग तिनं टेबलाकडं बोट केलं. म्हणली, हे जुनं धूड मात्र भंगारात द्यायचं.

मी म्हणलो, न्हाई.

ती म्हणली, "आबा, ते हळू हाय. आईच्या वेळेलाच हळू होतं. आधीच आईचा हात हळू, त्यात हे."

सख्खी पोरगी. मी बाहेर जाऊन रोडकडं बघत उभा राहिलो. ट्रक गेले, एसटी गेली. आत आलो आणि म्हणलो, दाखव मला. हळू आहे म्हणतेस ना, तर माझ्यासमोर दोन्ही पळव. हे जिंकलं तर हे टेबलावरून हलणार न्हाई, आणि तुझ्या मायच्या हाताचं पुन्हा बोलायचं न्हाई. ती हसली. पण तिच्यात माझंही रक्त आहे, पैज म्हणल्यावर मागं हटणारी न्हाई. पदर खोचून बसली.

तिनं एक मोठी फाइल घेतली. क्लासवाल्यांनी परदेशात कुठंतरी एक कॉम्प्युटर भाड्यानं घेतलेला आहे म्हणे, इंटरनेटवरून तिथं सामान ठेवता येतं. ती फाइल आधी लॅपटॉपवरून तिकडं पाठवली. मी तंबाखू मळायला घेतली, मळून व्हायच्या आत गेली. मग तीच फाइल जुन्या कॉम्प्युटरवरून. माझी तंबाखू मळून झाली, तोंडात टाकून झाली, थुंकूनही आलो. फाइल आपली जाऊनच राहिली.

पोरगी माझ्याकडं बघून राहिली. मी म्हणलो, हे मी मानत न्हाई.

माझा बाप बैल पारखायचा. बाजारातून नवा बैल आणला की आपल्या जुन्या बैलाशी त्याची बराबरी करायची त्याची एक रीत होती. गाडी तीच, ओझं तेच, चढ तोच, हाकणारा तोच. आणि एक खेप झाली की बाजू बदलायची, डावा उजवीकडं आणि उजवा डावीकडं. बाप म्हणायचा की एका बाजूला चाकोरी खोल असते, एका बाजूला खडी असते, म्हणून एका खेपेवर बैलाला नाव ठेवायचं न्हाई. इथं तर काय, लॅपटॉप बिनवायरीचा आणि कॉम्प्युटर वायरीवर. मी पोरीला म्हणलो, बाजू बदल.

कटकट करत तिनं वायर काढून लॅपटॉपला लावली. आणि काय, लॅपटॉपही रांगायला लागला. पोरीचं तोंड बघण्यासारखं झालं. टेबलाखाली वाकून वायर चाचपडत भिंतीपर्यंत गेली आणि तिथंच बसून हसायला लागली. ती गेल्यावर, दुकान बंद असताना, पावसाळ्यात उंदरांनी ती वायर कुरतडली होती. मी मोटार वाइंडिंगवाल्याला बोलावून जोडून घेतली होती. त्यानं बोअरच्या मोटारीची केबल जोडतात तशीच जोडली होती. आतल्या त्या बारीक आठ तारा लांबलांब सोलल्या, रंगाला रंग लावून पीळ दिला आणि वरून काळी पट्टी गच्च गुंडाळली. आमच्याकडं सगळ्या वायरी अशाच जोडतात, आणि मोटार पाणी देते, तक्रार न्हाई. ह्या वायरीला ते चालत न्हाई म्हणे. तिच्या आतल्या जोड्यांना जन्मतः पीळ दिलेला असतो, तो सोडला की अर्धं बोलणं वाटेतच हरवतं आणि पुन्हा पुन्हा पाठवावं लागतं.

"मोटारीची वायर हाय का ही, आबा?"

"तुझ्या क्लासात त्याला शिकवलं असतंस तर कळलं असतं," मी म्हणलो.

पण तिनं बाजू बदलायला कटकट केली होती, ते मी तिला त्या दिवसभर ऐकवलं.

तिच्या बॅगेत सगळी हत्यारं होती. नवी वायर कापून तिनं टोकाला नव्या क्लिपा बसवल्या. मग म्हणली, आता आपण दुकानातल्या दुकानातच बघू, बाहेरची भानगड नको. दोन्ही यंत्रं एकाच डबीला जोडली आणि मधे फाइलची देवाणघेवाण करायला घेतली. पण मी आणखी अडलो. म्हणलो, यंत्र वेगळं, त्याच्यातलं ते चालवणारं वेगळं. हरलं कोण हे कसं कळणार? बैल हरला का हाकणारा हरला?

ह्यावर मात्र तिनं हातातली वायर खाली ठेवली. म्हणली, हे बराबर बोललात. यंत्र म्हणजे नुसतं लोखंड. त्याला चालवणारी सिस्टीम आत असते, हिरव्या टेकडीवाली ती जुनी सिस्टीम. तिच्याजवळ पेनड्राइव्हवर एक नवी सिस्टीम होती, फुकट मिळणारी, हलकी. ह्याच जुन्या यंत्राला पेनड्राइव्ह लावून नव्या सिस्टीमनं चालवता येतं, आणि पेनड्राइव्ह काढला की जुनी जशीच्या तशी. मी तीनतीनदा विचारलं, आतलं काही मोडणार न्हाई ना? ती म्हणली, न्हाई. तरी मी तिच्या हाताकडं बघत बसलो.

आता खरी बराबरी झाली. यंत्र एक, वायर एक, फाइल एक, बटन दाबणारा मी. माझं एक बोट. एकदा टेकडीवाली सिस्टीम, एकदा पेनड्राइव्हवाली, पुन्हा टेकडीवाली. दुकानातल्या दुकानात दोघीही सारख्याच पळाल्या. थोडं इकडं, थोडं तिकडं. मला इतका आनंद झाला की मी समोरून दोन चहा सांगितले. म्हणलो, बघ, म्हातारीत दम आहे. पोरगी चहा पिऊन म्हणली, आता लांबचं बघू.

लांबचं बघितलं. त्या परदेशातल्या कॉम्प्युटरवर तीच फाइल. पेनड्राइव्हवाली सिस्टीम भुर्रकन मोकळी झाली. टेकडीवाली बसली. पुन्हा बघितलं. लाइनीवर गर्दी असंल म्हणून चहानंतर बघितलं, जेवणानंतर बघितलं, उलटा क्रम करून बघितलं. दरवेळी टेकडीवाली मागं, आणि थोडीथोडकी मागं न्हाई. आता वायरीला बोल लावता येत नव्हता, यंत्राला लावता येत नव्हता, हाताला तर न्हाईच.

मी हरलो. सरळ सांगतो, मला लई राग आला. जसं काही माझ्या बायकोलाच माझ्यासमोर कुणी हरवलं. मी पोरीला म्हणलो, ने भंगारात, ने सगळंच. ती माझ्याजवळ स्टूल ओढून बसली आणि समजावायला लागली की आबा, म्हातारीत दम आहे, पण तिची रीत जुनी आहे.

म्हणली, फाइल एकदम जात न्हाई, तिची पाकिटं करतात. काही पाकिटं पाठवायची, पलीकडून 'पोचली' असा निरोप आला की पुढची पाठवायची. जुनी सिस्टीम थोडीच पाकिटं सोडते आणि निरोपाची वाट बघत हात बांधून उभी राहते. जवळच्या जवळ निरोप लगेच येतो म्हणून कळत न्हाई. लांब असलं की निरोप यायला वेळ लागतो, तेवढा वेळ ती नुसती उभी. नवी सिस्टीम अंतर बघते, रस्ता मोकळा आहे का बघते आणि त्या हिशोबानं जास्त पाकिटं सोडत राहते.

मी म्हणलो, घमेली कमी पडली.

तिला कळलं न्हाई. मी सांगितलं. स्लॅब टाकताना मिक्सरपासून वरपर्यंत माणसांची रांग असते. भरलेलं घमेलं हातोहात वर जातं, रिकामं खाली येतं. एक मजली घर असंल तर थोडी घमेली पुरतात. तीच घमेली घेऊन तीन मजल्यांवर स्लॅब टाकायला गेलं तर खालचा माणूस फावडं धरून उभा, कारण रिकामं घमेलं अजून वरून यायचंच आहे. अडाणी मालक खाली उभा राहून त्याच माणसावर ओरडतो, हात चालव म्हणून. त्याचा हात चालतो की. भरायला घमेलंच न्हाई तर तो काय भरणार?

पोरगी म्हणली, हेच. अगदी हेच.

आणि मी तिच्याकडं वळून बसलो. मग तिला विचारलं, "म्हंजे बटन दाबल्यावर हाताचं काम संपलं?"

"संपलंच की. पुढं सगळं सिस्टीमचं."

"आन ती केबल यायच्या आधी?"

ती म्हणली, तवा लाइनच इतकी बारीक होती की थोडी घमेलीही जास्त व्हायची. जुनीचं हळूपण दिसलंच नसतं. केबल आल्यावरच ते उघडं पडलं.

"मग तुझ्या मायनं काय हळू केलं?"

पोरगी माझ्याकडं बघतच राहिली. क्लासात रोज हेच शिकवते ती. पण हे आपल्या आईला लावून कधी बघितलं नव्हतं. म्हणली, "मी बी लोकांवानीच समजत आले, आबा." आणि डोळ्याला पदर लावला. मी तिला रडू दिलं. मला स्वतःला रडायला फुरसत नव्हती. जिंकायला बसलो होतो, हरलो होतो, आणि मला पाहिजे होतं ते हरण्यातच होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. सकाळी मी धाब्यावर गेलो. तो भट्टीजवळ उभा राहून कांदा कापणाऱ्याला शिव्या देऊन राहिला होता. मी म्हणलो, चल दुकानात, काम आहे. म्हणला, दादा, दुपारच्या जेवणाची गडबड आहे. मी म्हणलो, गडबड थांबंल. माझं तोंड बघून तो आला.

त्याला मी तिच्या खुर्चीवर बसवलं. त्या खुर्चीवर मी कुणाला बसू दिलेलं नव्हतं, स्वतःही बसलो नव्हतो. पोरीनं टेकडीवाली सिस्टीम लावून ठेवलेली होती. मी म्हणलो, ही फाइल लांब पाठवायची आहे, हे बटन, दाब. त्यानं दाबलं. मी आणि पोरगी बाजूला उभे. तो एकदा पडद्याकडं बघायचा, एकदा माझ्याकडं. मग खुर्चीत हलायला लागला. मग माऊस हलवून बघितला. मग पुन्हा दाबायला गेला तर पोरीनं त्याचा हात धरला.

"अटकलं का काय?" तो म्हणला.

मी म्हणलो, "न्हाई. तुझा हात हळू हाय."

त्याला एका झटक्यात कळलं. माणूस तोंडाळ आहे, येडा न्हाई. तो उठायला गेला, मी म्हणलो, बस, अजून एक राहिलंय. पोरीनं पेनड्राइव्ह लावला, त्याच यंत्रावर नवी सिस्टीम आली, त्याच्याच बोटानं पुन्हा दाबायला लावलं. फाइल गेली. तो स्वतःच्या बोटाकडं बघत बसला.

मग भांडला, भांडणारच. म्हणला, दादा, त्या दिवशी हेच झालं असंल कशावरून? साइट बंद पडली असंल. पोरीनं त्याला खरं तेच सांगितलं. म्हणली, काका, त्या दिवशीचं मी छातीठोक सांगू शकत न्हाई, शेवटच्या दिवशी साइटही तुंबलेली असंल. पण सिस्टीम हळू असो का साइट तुंबलेली असो, दाबल्यावर आईच्या हातात काय होतं?

तो म्हणला, "माझ्या लेकराचं वर्ष गेलं होतं, दादा. कुणावर तरी राग काढणार ना माणूस."

मी म्हणलो, "काढ. पन तेराव्याला माइकवर काढायचा न्हाई. ती स्वतःला हळू समजून मेली."

त्याला कीबोर्डचं ठाऊक नव्हतं. मी सांगितलं. चादरीवरच्या बोटांचंही सांगितलं. त्याची पोरगी पुढच्या वर्षी नर्सिंगला लागली, आज नांदेडला नोकरी करते, पगार घेते. माझ्या बायकोला पुढचं वर्ष नव्हतं. हेही सांगितलं. पोरगी म्हणत होती, आबा, पुरे. मी पुरे केलं न्हाई.

शेवटी तो हात जोडायला लागला. मी म्हणलो, मला जोडू नको. मला एकट्याला सांगून काय उपयोग? ज्या लोकांपुढं बोललास त्यांच्यापुढं बोल. तो धाब्याकडं निघून गेला. पोरगी म्हणली, तुमी लई कडक वागलात. मी म्हणलो, व्हय.

दुकान चालू झालं. लॅपटॉपवर गावातली बाई बसते, चांगली आहे, मी तिला वाचून दाखवायची सवय लावली आहे. जुना कॉम्प्युटर भंगारात गेला न्हाई. पैज हरलो होतो, पण पोरगीच म्हणली की तो इंटरनेटपासून तोडून ठेवू, दुकानातल्या प्रिंटा आणि स्कॅन त्याच्यावरच करू. जवळच्या कामात तो कुणाला ऐकत न्हाई. मी शिकलो तेवढं. एका बोटानं करतो, आणि माझा हात खरंच हळू आहे. मला कुणी म्हणलं तर मी ऐकून घेतो.

आणि मग पीक विम्याच्या दिवसांत एकदा बाहेर शटरपर्यंत रांग लागलेली. रांगेत एक जण म्हणला, आता भराभर होतंय, बाईच्या वेळेला तर पाय मोडायचे उभं राहून. मी झेरॉक्सवरून वळलोच होतो. पण त्याच्या मागं, हातात सातबारा धरून, धाबेवाला उभा होता. तो माझ्या आधी बोलला. त्याच्या त्या धाब्यावरच्या आवाजात, सगळ्या रांगेला ऐकू जाईल असं.

"वहिनी हळू नव्हत्या. सिस्टीम हळू होती. मी सोता त्या खुर्चीत बसून दाबून बघितलंय. तेराव्याला मी बोललो ते चुकीचं बोललो."

रांगेतल्या माना मागं वळल्या. तो पहिला माणूस म्हणला, आसं व्हय. कुणीतरी विचारलं, सिस्टीम म्हंजे काय. धाबेवाला त्याला सांगायला लागला, पाकिटं आणि निरोप आणि घमेली, निम्मं बराबर, निम्मं चुकीचं. मी दुरुस्त केलं न्हाई. मी त्याचा सातबारा घेतला, झेरॉक्स काढली, त्याच्या हातात दिली. तो माझ्याकडं बघून राहिला होता, मी काहीतरी बोलेन म्हणून.

मी म्हणलो, "पुढं सरका."

आता कधीमधी त्याच्याकडं चहा घेतो. जेवायला बसा म्हणतो तो, अजून बसलो न्हाई. मंडपात लई लोक होते आणि रांगेत थोडेच होते. बाकीच्यांना सांगायचं त्याचं राहिलंय, आणि मी अजून जिवंत आहे.